गोमती अक्काची लाली

“मी जातें म्हणजे जातें. तू येऊं नको.”

“मी कशाला येईन? तुझं तोंड भाजताना बघायला?”

“तोंड माझं आहे गे.”

“आणि औषधं? सात आठवडे मी मोजून देतें आहे. सकाळची कॅप्सूल, रात्रीचं जेल. ते सगळं एका सकाळीपायी पाण्यात.”

“पाण्यात कसं? औषध आपल्या जागी चालूच. वरनं लेझर. दोन्ही मिळून लौकर जाईल.”

“असं डॉक्टरनी सांगितलं?”

“महालक्ष्मी अक्कानी सांगितलं.”

“महालक्ष्मी अक्का कुठल्या कॉलेजात शिकल्या?”

तेवढ्यात पायरीवर चपला काढल्याचा आवाज झाला आणि दोघींचं तोंड एकदम तमिळमध्ये वळलं. “या टीचर, या. झालाय तयार. हुक तेवढे बघून घ्या.” शेजारच्या शाळेतल्या बाई आल्या, उंबऱ्याच्या आत फारशा न येता हात लांब करून ब्लाउज घेतला, बघितला न बघितला आणि पिशवीत टाकला. गोमती हसली, तिची मुलगी नंदिता हसली. बाई गल्लीच्या वळणाला गेल्या.

“कुठल्या कॉलेजात, पुसलं मी,” नंदिता मराठीत म्हणाली. भांडण जिथं ठेवलं होतं तिथूनच उचललं.

मेलकावेरीतल्या त्या घराची पुढची खोली हेच गोमतीचं दुकान. एक मोटरवाली मशीन, एक पायांची जुनी, कापण्याचं टेबल, भिंतीवर विठ्ठलाची तसबीर आणि तिच्याखाली गळ्यांच्या नमुन्यांचा तक्ता. गोमती सेहेचाळीस वर्षांची. गिऱ्हाईक तिला ‘टेलर अक्का’ म्हणतं. तंजावरच्या मराठी राजांच्या वेळी खाली आलेल्या शिंप्यांचं हे घराणं. वडील वकिलांचे काळे कोट शिवत. घरात बोलतात ती मराठी पुण्याच्या माणसाने ऐकली तर त्याला पणजीचा आवाज आठवेल, पण उंबऱ्याबाहेर सगळं तमिळ.

गोमतीचा हात ब्लाउजात बसलेला. तिरुभुवनमच्या जड रेशमाचा ब्लाउज पाठीवर एक सुरकुती न पडता बसवणं हे सगळ्यांना जमत नाही. तिची मापं घ्यायची एक रीत आहे. ती बाईला गप्प उभी राहू देत नाही. “घरी काय रांधलं आज?” “सासूबाईंचा गुडघा कसा आहे?” असं विचारत राहते, कारण बाई माप देताना श्वास धरून ठेवते आणि धरलेल्या श्वासाचं माप खोटं निघतं. बोलता बोलता श्वास मोकळा झाला की टेप ओढायची. त्यासाठी तिला समोर उभं राहावं लागतं, अगदी वीतभर अंतरावर. गिऱ्हाइकाला तेवढा वेळ दुसरीकडे बघायला जागा नसते. गोमतीचा चेहराच बघावा लागतो.

म्हणून त्या चेहऱ्याचा प्रश्न.

सुरुवात आठेक वर्षांपूर्वी झाली. कॉफीचा पेला तोंडाशी नेला की गाल तापायचे. करवंटीच्या कोळशाची इस्त्री घेऊन वाकली की तापायचे. चोळपुरमच्या बसमध्ये उन्हाच्या बाजूची खिडकी मिळाली, तापले. आधी तास-दोन तासांत उतरायचं, मग उतरेनासं झालं. गोमतीचा रंग सावळा. गोऱ्या माणसाचे गाल जसे लाल दिसतात तसे तिचे दिसत नसत. तांबूस, काळपट, चुलीजवळ बसून उठल्यासारखे दिसत. मग नाकावर आणि गालांवर बारीक पुळ्या आल्या.

ज्याने त्याने आपापलं निदान केलं. उष्णता आहे, रात्री तळपायांना एरंडेल लाव. रक्तदाब आहे. वय झालं, पाळी जायची वेळ आली. एका गिऱ्हाइकाने तर नटराजला, म्हणजे गोमतीच्या नवऱ्याला, विचारलं की घरी भांडणं होतात का. नटराज खाजगी बसच्या तिकीट-कचेरीत बसतो. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून तो घरी सहसा बोलत नाही. त्याने मात्र एकच गोष्ट ठामपणे सांगितली.

“ही अक्की आहे. माझ्या आईला झाली होती. कुंभाराकडून लिहून घेतलं पाहिजे.”

अक्की म्हणजे आपल्याकडची नागीण. इकडे ती झाली की डॉक्टरच्या आधी कुंभाराकडे जातात. तो कावी, म्हणजे गेरू, पाण्यात कालवतो, मंत्र पुटपुटतो आणि कोंबड्याच्या पिसाने दुखऱ्या जागेवर चित्र काढतो. त्याला ‘अक्की लिहिणं’ म्हणतात. नटराज तिला बसने चोळपुरमच्या कुंभाराकडे घेऊन गेला. म्हातारा कुंभार चाकावरून उठला, हात पुसून तिच्या समोर बसला आणि हनुवटी धरून तिचा चेहरा इकडे तिकडे फिरवून बघितला.

“अक्की अर्ध्या अंगाला येते, अम्मा,” तो म्हणाला. “एका बाजूला. तुझे दोन्ही गाल सारखे. ही अक्की नव्हे.”

“मग काय आहे?”

“ते मला कसं ठाऊक? मी अक्की लिहितो.”

“आम्ही एवढे आलो आहोत,” नटराज म्हणाला. “लिहा.”

“लिहितो. पण अक्की नव्हे.”

त्याने लिहिलं. दोन गालांवर दोन सिंह आणि नाकावर शेपट्या. नऊ दिवस धुवायचं नाही. गोमती गेरूने माखलेला चेहरा घेऊन मशीनवर बसली आणि त्या नऊ दिवसांत एकही गिऱ्हाईक मागे सरकलं नाही. उलट येणारी प्रत्येक बाई दारातूनच चुकचुकत येई. “अय्यो, अक्की? उन्हात जाऊ नको हो. ताक पी.” एकीने कडुलिंबाचा डहाळा आणून दाराला लावला. चेहऱ्यावर काय आहे ते लोकांना कळत होतं, त्याला नाव होतं, त्यामुळे भीती नव्हती. दहाव्या दिवशी गेरू धुतला तेव्हा गालांची साल निघाल्यासारखी झाली आणि खाली लाली जिथल्या तिथं, दुप्पट.

मग ट्यूब आली. समोरच्या घरातल्या बाईने दिली, “माझ्या नणंदेचे डाग गेले याने.” औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळायची. गोमतीने लावली आणि चौथ्या दिवशी चेहरा लख्ख. इतका की मारियम्मनच्या देवळात एक ओळखीची बाई तिला न ओळखता पुढे गेली. गोमतीने ती ट्यूब पावडरच्या डब्याशेजारी ठेवली आणि रोज लावू लागली, जशी पावडर लावतात तशी. एक दिवस, एक महिना, तीन वर्षं. लावायची राहिली की तिसऱ्या दिवशी चेहरा पेटायचा, म्हणून लावायची राहू द्यायची नाही. नंदिता त्याच वर्षांत फार्मसी शिकत होती. कॉलेजात स्टिरॉइडचा धडा पाठ करून घरी येत होती आणि ट्यूबशेजारचा कंगवा उचलून केस विंचरत होती. तिने ट्यूब कधी उलटून वाचली नाही. हे तिनेच पुढे सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

खरी अडचण चेहऱ्याने आणलीच नाही. डोळ्यांनी आणली. यंदा भाद्रपदात गोमतीला सुईत दोरा ओवेना. दिसत होतं, पण डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायचं, पाणी यायचं, पापण्यांच्या कडा लाल. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरने पापणी उलटून बघितली, मग डोळे सोडून गालच बघत बसला.

“डोळ्यांचं औषध देतो,” तो म्हणाला, “पण मूळ इथं नाही. स्किनच्या डॉक्टरकडे जा.”

डॉ. शरण्या वयाने नंदितापेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठ्या. खुर्चीत मांडी घालून बसलेल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा:

“चेहऱ्याला काय काय लावता?”

“काही नाही.”

“हळद?”

“हळद न्हाताना. ती काय लावणं झालं.”

“चंदन?”

“शुक्रवारी.”

“आणखी?”

“एकादशीला भजनात बुक्का लावतात. कपाळाला. घामाने खाली उतरतो.”

“आणखी?”

“कावी लावली होती. ती पूर्वी.”

“आणखी?”

गोमती नंदिताकडे बघू लागली. नंदिताने पर्समधून ट्यूब काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी ट्यूब वाचून बाजूला ठेवली. एक काचपट्टी घेतली आणि गोमतीच्या गालावर दाबली. काचेखालची तांबूस जागा फिकी पडली, उचलली की परत भरली. “बघ,” त्या नंदिताला म्हणाल्या, “वरून काळपट दिसतं, पण आत रक्तवाहिन्या फुगल्या आहेत. पुळ्या आहेत, पण मुरुमासारखं एकही काळं टोक नाही. डोळेही त्यातलेच. याला रोझेशिया म्हणतात. पुस्तकात गोऱ्या बायकांची चित्रं असतात, म्हणून आपल्या रंगावर आम्हालाही उशिरा दिसतो.”

“लागतो का कुणाला?” गोमतीने विचारलं. तिला तेवढंच हवं होतं.

“नाही. शिवलं तरी नाही, श्वासानेही नाही.”

“जातो का?”

“आटोक्यात येतो. मुळासकट जातो असं मी सांगणार नाही. जो सांगेल त्याच्याकडे जाऊ नका.”

मग त्यांनी पुढचं सगळं सरळ सांगितलं. स्टिरॉइडची ती ट्यूब बंद. आज. ती बंद केली की दोन-तीन दिवसांत चेहरा आजवर झाला नसेल इतका खराब होईल, तीन-चार आठवडे, कदाचित जास्त. तेव्हा हात पुन्हा ट्यूबकडे जाईल, तोच खरा प्रसंग. सकाळी डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल, भरपूर पाण्याबरोबर, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. रात्री मेट्रोनिडाझोलचं जेल. साधा, बिनवासाचा साबण. दिवसा सनस्क्रीन, पांढरं दिसलं तरी. पापण्या कोमट फडक्याने शेकून पुसायच्या. कॉफी कोमट. इस्त्री दुसऱ्या कुणाला.

“आणि याने नाही भागलं तर?” नंदिताने विचारलं.

“तर आयव्हरमेक्टिनचं मलम आहे, अझेलाइक ॲसिड आहे. फारच हट्टी निघाला तर कमी मात्रेत आयसोट्रेटिनॉइन. वाटा बऱ्याच आहेत, पण एकेक धरायची.”

“गिऱ्हाइकाच्या घरच्या लग्नात, त्या दिवसापुरती लाली लपेल असं काही?” हे गोमतीचं.

“एक जेल आहे, आठ-दहा तास वाहिन्या आवळून धरतं. पण काही जणींना उतरताना लाली दुप्पट होते. तुमचा चेहरा अजून ट्यूबमधून बाहेर यायचाय, त्यावर मी ते देणार नाही.”

“मग लेझर?”

“लेझर पुळ्यांवर चालत नाही. फुगलेल्या वाहिन्यांवर चालतो, लाली कमी करतो. पण तो रंग शोधत जातो आणि सावळ्या कातडीत रंग सगळीकडे आहे. चुकीचं मशीन किंवा जास्त ताकद, की भाजतं, काळे डाग राहतात, नाहीतर पांढरे. सावळ्या रंगाला त्यातल्या त्यात बरं असं एक मशीन आहे, तिरुचीला. आधी सगळं शांत होऊ दे. मार्चमध्ये बघू. तीन-चार वेळा जावं लागेल आणि वर्ष-दीड वर्षाने पुन्हा थोडं.”

गोमती घरी आली आणि ट्यूब नंदिताने, ती काम करते त्या औषधाच्या दुकानातल्या कचऱ्यात नेऊन टाकली.

डॉक्टर बोलल्या होत्या तसंच झालं. तिसऱ्या दिवशी गाल सुजले, पाचव्या दिवशी पुळ्यांनी भरले. दिवाळीचे दिवस, ब्लाउजांची रांग, आणि गोमती चेहरा जळत असताना हुक लावत होती. बायका दाराशी येत आणि थबकत. यावेळी कुणी चुकचुकलं नाही, कुणी कडुलिंब आणला नाही. “काय आहे?” “रोझेशिया.” “काय?” नाव सांगितलं की समोरचं माणूस आणखी अर्धं पाऊल मागे सरके. एका बाईने मापासाठी घरून स्वतःची टेप आणली. गोमतीने त्या टेपने माप घेतलं, टेपची घडी करून परत दिली आणि नंतर नटराजला म्हणाली, “तिची टेप अर्धा इंच खोटी आहे. मी माझ्या मनाने दुरुस्त केलं.”

नटराजने इस्त्री आपल्याकडे घेतली. कचेरीला जाण्याआधी दीड तास तो टेबलाशी उभा राहून ब्लाउज दाबायचा, बाह्यांना नको तिथं घडी पाडायचा, बोलणी खायचा. कॉफीही तो आता तिच्याबरोबर कोमट पिऊ लागला.

“तुम्ही कां कोमट पितां? तुम्हांला कोणी सांगितलं?”

“दोन पेले दोन तऱ्हेने कोण करील.”

“मीच करतें ना कॉफी.”

“तेच म्हणतों.”

पाचव्या आठवड्यात पुळ्या बसू लागल्या. डोळ्यातली वाळू गेली; एका सकाळी तिने पहिल्या झटक्यात दोरा ओवला आणि कुणाला न सांगता कामाला लागली. सातव्या आठवड्यात गाल हाताला गुळगुळीत लागू लागले. लाली मात्र होती, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल दोऱ्यांसारख्या वाहिन्या.

तेवढ्यात मार्गळी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीचा तमिळ महिना, लागला. मार्गळीत लग्नं होत नाहीत. महिना संपून तै उजाडला की एकामागून एक सुरू. म्हणून शिंप्याचा खरा हंगाम मार्गळीचा. गोमतीच्या हंगामाचा अर्धा भार एकाच घरावर होता. महालक्ष्मी अक्का, रेशमाच्या साड्यांच्या व्यापाऱ्याची बायको. सत्तावीस वर्षांपूर्वी तिच्या लग्नाचा ब्लाउज गोमतीने शिवला, तेव्हा गोमती एकोणीस वर्षांची. आता तिच्या मुलीचं, चैत्राचं, लग्न. चौदा ब्लाउज आणि लग्नाच्या दिवशी मंडपात नवरीला साडी नेसवून ब्लाउज-पदर पिनांनी बसवायचं काम. ते काम ज्या शिंपिणीला मिळतं, तिला मांडवातल्या सगळ्या बायका बघतात. पुढची तीन वर्षं तेवढ्यावर चालतात. आणि ज्या शिंपिणीला महालक्ष्मी अक्काने बदललं तिचं काय होतं, हेही सगळ्यांना माहीत.

महालक्ष्मी अक्का आली, बसली, गोमतीकडे बघितलं. वाईट बाई नव्हे. गोमतीच्या बाळंतपणात तिने घरून डबा पाठवला होता.

“गोमती, मी सरळ बोलते. राग मानू नको. मुलाकडचे कोईमतूरचे. त्यांची फोटोवाली माणसं चैत्राच्या तयारीपासून सगळं घेणार. तू तिच्या तोंडाशी तोंड लावून उभी असणार.”

“हे लागत नाही, अक्का. डॉक्टरनी लिहून दिलंय.”

“मला माहीत आहे गं. त्यांना कोण सांगणार? मी सांगू, एकेकाला, मांडवात?” तिने पिशवी मांडीवर घेतली. “माझ्या नात्यातले सतीशकुमार. त्यांनी लेझरचं सेंटर काढलंय. मी बोलले. दोन वेळात लाली जाते म्हणाले. पैशाचं तू बघू नको, माझ्याकडून चैत्राच्या लग्नाचं समज. शनिवारी अकरा वाजता. मी तुझ्याबरोबर येते.”

गोमती हो म्हणाली.

आज तोच शनिवार, आणि नंदिता कामावर जायचं सोडून दारात उभी.

“मार्च म्हणाल्या डॉक्टर. डिसेंबर आहे हा.”

“लग्न तैत आहे. मार्चात कोणाला नेसवूं साडी? तुला?”

“माझं सोड. तिथं मशीन कोणतं आहे ते तरी पुसलंस? हे घे, मी लिहून ठेवलंय. मशीनचं नाव काय, चालवणारा डॉक्टर आहे का, सावळ्या रंगावर किती जणींना केलं...”

“मला कागद नको. मी काय शाळेत जातें?”

“मग तोंडी पुस.”

“मला काय पुसायचं ते मला कळतं. चौदा ब्लाउज आहेत नंदिता. त्यावरनं माझं दुकान राहतं की जातं. तुला पगार पहिल्या तारखेला येतो, तुला ते कळायचं नाही.”

नंदिताने कागदाची घडी केली, परत उघडली. “कळतं,” ती म्हणाली. “म्हणून तर.” आणि स्कूटर काढून कामावर गेली.

सेंटर पहिल्या मजल्यावर होतं. थंडगार. भिंतीवर गोऱ्या गुळगुळीत बायकांचे चेहरे. महालक्ष्मी अक्का कोचावर बसली, गोमतीला खुर्चीत बसवलं. एका मुलीने तिचे केस मागे घेऊन डोक्याला कापडी टोपी घातली. मुलगी गोमतीसारखीच सावळी. सतीशकुमार आत आले, हात जोडून, हसतमुख.

“अक्का म्हणाल्या, फार मोठ्या टेलर आहात तुम्ही. घाबरू नका. रबराचा चटका बसल्यासारखं वाटेल. संध्याकाळी स्वयंपाक करू शकाल.”

“मशीन कोणतं?”

“फॉरिनचं.”

“कुणी चालवायचं?”

“ही चालवते. ट्रेनिंग झालंय तिचं.”

मुलीने मान हलवली.

“तुम्ही आधी कुठं लावून बघता?” गोमतीने विचारलं.

“म्हणजे?”

“मला नवीन रेशीम आलं, की मी सरळ इस्त्री ठेवत नाही. शिवणीच्या आत जो तुकडा दडतो, त्याच्या कोपऱ्याला टेकवते. काळं पडलं, आखडलं, तर कोपरा जातो, ब्लाउज नाही. तसं तुम्ही काय करता? कानामागे, जबड्याखाली, कुठं?”

सतीशकुमार हसले. “चेहरा म्हणजे काय कापड आहे, अम्मा?”

“कापड असतं तर दुसरं आणलं असतं.”

कोचावर महालक्ष्मी अक्काही हसली, पण थोडीच.

“तसं करता येतं,” ते म्हणाले, “पण मग तीन-चार आठवडे थांबायचं, डाग पडतो का बघायचं. तुमचा तै निघून जाईल. त्यापेक्षा आपण आज पूर्ण चेहरा घेऊ, थोडी ताकद वाढवून. मग लग्नाआधी अजून एकदा.”

“माझ्या रंगाच्या बाईला केलेलं आहे का तुम्ही?”

त्यांनी फोन काढून फोटो दाखवले. आधी, नंतर. आधी, नंतर. गोमतीने चार-पाच बघितले. सगळ्या गव्हाळ रंगाच्या, किंवा त्याहून उजळ. तिने फोन परत दिला आणि टोपी घालणाऱ्या मुलीकडे वळली.

“तू करून घेतलंस, बाळा? हे?”

मुलीने सतीशकुमारांकडे पाहिलं.

“तिला गरज नाही,” ते म्हणाले.

“हाताला? बगलेच्या केसांना? काहीतरी?”

मुलगी मशीनची वायर सरळ करू लागली.

“गोमती,” महालक्ष्मी अक्का म्हणाली, “तू मापं घेतेस तेव्हा मी विचारते का, तुझी कात्री कुठली? विश्वासावर असतं सगळं. मी यांना शब्द दिलाय. घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय की लग्नापर्यंत गोमतीचा चेहरा छान होणार.”

“मार्चमध्ये तिरुचीला करायचं आहे, अक्का. डॉक्टरनी सांगितलंय.”

“मार्चपर्यंत माझी मुलगी सासरी जुनी झालेली असेल,” ती म्हणाली, मग स्वतःच थांबली. आवाज खाली आणला. “मला वाईट वाटतं गं. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्या कुणाच्या हातचा ब्लाउज घातला नाही. पण मला त्या दिवशी मांडवात कटकट नको. उद्या आम्ही नाचियारकोविलला समया घ्यायला जातोय, सोमवारपासून कापाकापी सुरू व्हायला हवी. तेव्हा मला आज सांग. तू हे करून घेतेस आणि चैत्राची मापं घ्यायला येतेस, की मी सोमवारी कापडं दुसरीकडे पाठवू?”

खोलीत मशीनचा पंखा चालू होता. सतीशकुमारांनी काळा चष्मा उचलून गोमतीपुढे धरला.

गोमतीने डोक्यावरची टोपी काढली. मांडीवर ठेवून तिच्या शिवणी जुळवल्या, चौकोनी घडी केली, खुर्चीच्या हातावर ठेवली. उठून निऱ्या सारख्या केल्या. दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या, पदर खांद्यावर ओढला आणि जिन्याने खाली उतरून गेली.